तारखेंत महिने मिळविणें व वजा करणें



बेरीज व वजाबाकी आपण अगदीं पहिल्या इयत्तेंत शिकतों, आणि त्यानंतर त्यांजकडे वळून पाहण्याचें कारण आपणांस क्वचितच पडतें. पांच आणि तीन मिळून आठ होतात, याविषयीं वाद घालणारा मनुष्य आठवड्याच्या बाजारांतहि सांपडावयाचा नाहीं. परंतु "तीस नोव्हेंबर या तारखेंत तीन महिने मिळवा" असें कोणीं म्हटलें, तर दहा शहाण्या माणसांत दोन-तीन निरनिराळीं उत्तरें निघतात, व प्रत्येकजण आपलेंच उत्तर खरें म्हणून सांगतो. अशा एका साध्या बेरजेमुळें एका कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईवर संकट येण्याची वेळ आली होती. ती हकीकत प्रथम सांगतों व मग मूळ विषयाकडे वळतों.

इ. स. २०२५ च्या फेब्रुवारीची सत्ताविसावी तारीख होती. महाशिवरात्र आदल्याच दिवशीं होऊन गेली होती. सायंकाळीं राजूरजवळच्या एका वस्तीवरील एक शेतकरी आपल्या मुलीसह मजकडे आले. मुलगी नववींत शिकत होती. वडिलांच्या हातीं कापसाच्या विक्रीचा एक धनादेश होता व त्यावर ३० नोव्हेंबर २०२४ अशी तारीख होती. मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं म्हणून त्यांनीं तो पेटींत जपून ठेविला होता. धनादेश तीन महिने चालतो, एवढें त्यांस ठाऊक होतें. म्हणून ते तीन महिने केव्हां भरतात हें त्यांनीं मुलीस विचारलें. मुलगी हुशार, तिनें शाळेंतील संगणकावर सूत्र मांडलें, आणि उत्तर आलें २ मार्च २०२५. त्या दिवशीं रविवार, म्हणून शनिवारीं १ मार्चला बँकेंत जावें असें घरांत ठरलें. तरीहि बापाचें मन, जातां जातां ते मजकडे डोकावले व म्हणाले, "सर, पोरीनं हिशेब काढलाय, तेवढा एकदा नजरेखालून घाला."

मीं कागद पाहिला आणि त्यांस सांगितलें, "शनिवारची वाट पाहूं नका. उद्यां सकाळीं बँक उघडतांच हा भरून या." दुसऱ्या दिवशीं, शुक्रवारीं २८ फेब्रुवारीस, त्यांनीं धनादेश भरला व पुढील आठवड्यांत रक्कम खात्यावर जमा झाली. एक दिवस उशीर झाला असता, तर मुदत उलटलेला म्हणून तो परत येण्याचा संभव होता. मग नवा धनादेश मागण्यासाठीं हेलपाटे घालणें आलें. सोमवारीं मुलगी शाळेंत आली तेव्हां तिचा चेहरा उतरलेला होता. तिनें विचारलें, "सर, संगणक चुकला का?"

मीं म्हटलें, "संगणक चुकला नाहीं. तूं जें विचारलेंस, त्याचें उत्तर त्यानें बरोबर दिलें. परंतु तुला जें विचारावयाचें होतें, तें तूं विचारलें नाहींस." या एका वाक्याचा उलगडा करणें, हाच प्रस्तुत पाठाचा हेतु आहे.

महिना म्हणजे किती?

दिवस हें कालाचें ठाम माप आहे. आठवडा म्हणजे सात दिवस, त्यांतहि संशय नाहीं. महिन्याचें तसें नाहीं. तो कधीं एकतीस दिवसांचा, कधीं तीस दिवसांचा, आणि फेब्रुवारी तर अठ्ठावीस किंवा एकोणतीस दिवसांचा. मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवर व खळग्यांवर महिने मोजण्याची युक्ति आपल्या आजी-आजोबांनीं आपणांस शिकविली आहे. ती युक्ति लागते, हाच महिना हें माप सारखें नसल्याचा पुरावा होय. कापड मोजण्याचा गज जर सोमवारीं एका लांबीचा व मंगळवारीं दुसऱ्या लांबीचा असता, तर दुकानदार व गिऱ्हाईक यांस प्रथम एक करार करावा लागला असता. महिन्यांच्या बेरजेंतहि असाच करार लागतो. तो करार ठाऊक नसला म्हणजे भांडण होतें. ठाऊक असला म्हणजे हिशेब सोपा होतो.

"तीन महिने" याचे तीन अर्थ लोक करतात. कोणी नव्वद दिवस धरतो. कोणी तिसऱ्या महिन्यांतील तीच तारीख धरतो. कोणी तिसऱ्या महिन्याची अखेर धरतो. बहुतेक तारखांच्या बाबतींत दुसरा अर्थ सरळ लागू पडतो: ५ जूनपासून तीन महिने म्हणजे ५ सप्टेंबर. अडचण येते ती २९, ३० व ३१ या तीन तारखांची. कारण पोहोचावयाच्या महिन्यांत ती तारीख असेलच असें नाहीं. ३० नोव्हेंबरापासून तीन महिने पुढें गेलों कीं आपण ३० फेब्रुवारीस येऊन ठेपतों, आणि असा दिवस तर कोणत्याच दिनदर्शिकेंत नसतो.

संगणकाच्या पोटांतील तारीख

एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस कॅल्क हे हिशेबाच्या तक्त्यांचे कार्यक्रम होत. त्यांस स्प्रेडशीट म्हणतात. तक्त्याच्या प्रत्येक घरास नांव असतें: ए या उभ्या रांगेंतील दुसरें घर म्हणजे ए२. त्या घरांत आपण तारीख लिहितों तेव्हां संगणक ती आपल्यासारखी दिवस-महिना-वर्ष अशी स्मरणांत ठेवीत नाहीं. तो केवळ एक संख्या ठेवतो. एक्सेलमध्यें १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १ धरून पुढील प्रत्येक दिवसास एकेक वाढता क्रमांक दिलेला असतो. ३० नोव्हेंबर २०२४ चा क्रमांक ४५६२६ आणि २८ फेब्रुवारी २०२५ चा ४५७१६. यांची वजाबाकी केली कीं ९० येतात. म्हणजे या दोन तारखांत नव्वद दिवसांचें अंतर आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, दिवस मिळवावयाचे असतील तर सूत्राचें कांहींच अवडंबर नको; =ए२+४२ एवढें लिहिलें कीं बेचाळीस दिवसांनंतरची तारीख मिळते. दुसरी ही कीं, सूत्राचें उत्तर म्हणून ४५७१६ असा भलताच आंकडा दिसला, तर घाबरूं नये. ती तारीखच आहे. त्या घराचा प्रकार "तारीख" असा बदलला कीं ती ओळखीच्या रूपांत दिसूं लागते.

या क्रमांकांत एक गमतीची चूक आहे. ग्रेगरीय दिनदर्शिकेप्रमाणें १९०० हें लीप वर्ष नव्हतें. शंभरानें भाग जाणारें वर्ष चारशेंनींहि भागलें जात असेल तरच तें लीप वर्ष होय. तरीहि एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० असा एक न झालेला दिवस मोजतो व त्यास ६० हा क्रमांक देतो. त्यापूर्वीं लोकप्रिय झालेल्या लोटस वन-टू-थ्री या कार्यक्रमांत ही चूक होती, आणि त्याच्या तक्त्यांशीं मेळ राहावा म्हणून एक्सेलनें ती तशीच ठेविली. मार्च १९०० नंतरच्या तारखांच्या परस्पर हिशेबास तिनें बाधा येत नाहीं. पण यंत्राचेंहि ज्ञान माणसाकडून आलेलें असतें, हें तिच्यावरून शिकावें.

मुलीचें सूत्र कोठें अडलें

आमच्या विद्यार्थिनीनें लिहिलेलें सूत्र असें होतें:

=डेट(इयर(ए२), मंथ(ए२)+३, डे(ए२))

याचा अर्थ असा: ए२ मधील तारखेचें वर्ष घे, महिन्यांत तीन मिळव, दिवस तोच ठेव, आणि या तिहींची मिळून तारीख बनव. वर्ष २०२४, महिना ११ अधिक ३ म्हणजे १४, दिवस ३०. चौदावा महिना नसतो हें संगणकास समजतें. बारा महिन्यांचें एक वर्ष पुढें ढकलून तो २०२५ चा दुसरा महिना धरतो. येथवर सर्व ठीक. पुढें फेब्रुवारीच्या तीस दिवसांचा प्रश्न येतो. तेथेंहि संगणक तोच न्याय लावतो: फेब्रुवारीचे अठ्ठावीस दिवस संपले, दोन उरले, ते मार्चांत घाल. झाली २ मार्च. भांडें भरलें कीं पाणी शेजारच्या भांड्यांत सांडावें, तसे दिवस पुढच्या महिन्यांत सांडतात. हें सूत्र खोटें नाहीं. महिन्याच्या पहिल्या अठ्ठावीस तारखांस तें बिनचूक चालतें, आणि म्हणूनच तें धोक्याचें आहे. जी चूक रोज दिसते ती आपण लवकर सुधारतों. जी महिन्याकांठीं एखाददुसऱ्या दिवशींच दिसते, ती वर्षानुवर्षें लपून राहते.

योग्य सूत्र

या कामासाठीं स्वतंत्र सूत्र आहे. त्याचें नांव ईडेट. मांडणी अशी:

=ईडेट(ए२, ३)

पहिल्या जागीं मूळ तारखेचें घर, दुसऱ्या जागीं महिन्यांची संख्या. ३० नोव्हेंबर २०२४ घेतली तर उत्तर २८ फेब्रुवारी २०२५ येतें. नियम एकच: पोहोचावयाच्या महिन्यांत तीच तारीख असेल तर ती, नसेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस. ३१ जानेवारी २०२५ मध्यें एक महिना मिळविला कीं २८ फेब्रुवारी. परंतु ३१ जानेवारी २०२४ मध्यें मिळविला तर २९ फेब्रुवारी, कारण २०२४ हें लीप वर्ष होतें. लीप वर्षाची काळजी सूत्रच घेतें.

वजाबाकीसाठीं निराळें सूत्र नाहीं. संख्येपूर्वीं ऋणचिन्ह लिहावें: =ईडेट(ए२, -३). ए२ मध्यें ३१ मे २०२५ असेल तर उत्तर २८ फेब्रुवारी २०२५. वर्षें मिळवावयाचीं असतील तर बारांनीं गुणावें: पांच वर्षांसाठीं =ईडेट(ए२, १२*५). दीड महिना मात्र या सूत्रास कळत नाहीं; १.५ लिहिलें तर तें अपूर्णांक टाकून एकच महिना धरतें. तेव्हां अर्ध्या महिन्याचा करार असेल, तर त्याचे दिवस किती हें आधीं ठरवून घ्यावें व तितके दिवस मिळवावे.

हा नियम कोणाचा?

विद्यार्थ्यांस वाटेल कीं, "नसेल तर शेवटचा दिवस" ही तोड संगणक बनविणाऱ्यांनीं काढिली असावी. तसें नाहीं. आपल्या देशाच्या १८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या कायद्यांत, म्हणजे विनिमयपत्रें, वचनचिठ्ठ्या व धनादेश यांच्या कायद्यांत, तेविसाव्या कलमांत हाच नियम सांगितला आहे. अमुक महिन्यांनीं देय असलेल्या कागदाची मुदत ज्या महिन्यांत संपते, त्यांत जुळणारा दिवस नसेल तर ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीं संपली असें धरावें, असा त्याचा आशय आहे. कायद्यांतच उदाहरणें दिलीं आहेत. २९ जानेवारी १८७८ चा, एक महिन्याच्या मुदतीचा कागद घ्या: त्याचा महिना २८ फेब्रुवारीस भरतो. ३० ऑगस्ट १८७८ व ३१ ऑगस्ट १८७८ या दोन तारखांचे, तीन-तीन महिन्यांच्या मुदतीचे कागद घ्या: दोहोंची मुदत ३० नोव्हेंबरास भरते; वर सवलतीचे तीन दिवस मिळून दोन्ही ३ डिसेंबरास देय होतात. दोन निरनिराळ्या तारखांचें उत्तर एकच यावें, हें प्रथम विचित्र वाटतें; पण नोव्हेंबरास एकतिसावा दिवस नाहीं त्यास कायदा तरी काय करील?

तसेंच, कायद्यांत नुसता "महिना" शब्द आला तर कोणता महिना समजावा, याचा खुलासा १८९७ च्या सामान्य परिभाषांच्या कायद्यांत आहे: तो इंग्रजी दिनदर्शिकेचा महिना होय. म्हणजे तीस दिवसांचा ठोकळा नव्हे, आणि चंद्राचा महिनाहि नव्हे. सावकारी पेढीवरचे मुनीम, न्यायालयें आणि व्यापारी यांनीं ज्या रीतीनें पिढ्यान् पिढ्या मुदती मोजल्या, तीच रीत आज ईडेट या तीन अक्षरांत येऊन बसली आहे.

धनादेशाविषयीं दोन शब्द पालकांसाठीं. पूर्वीं धनादेश सहा महिने चालत असे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणें १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत तीन महिन्यांची झाली. वर सांगितलेले सवलतीचे तीन दिवस धनादेशास लागू नाहींत. म्हणून सूत्रानें शेवटचा दिवस काढावा, पण त्या दिवसाची वाट पाहूं नये. मध्यें सुटी येते, पावसानें नाला भरतो, घरांत कोणी आजारी पडतें. धनादेश हातीं येतांच भरणें हें सर्वांत उत्तम सूत्र होय.

तीन ठिकाणीं सांभाळावें

पहिलें: साखळी करूं नये. समजा, एका महिला बचत गटानें ३१ जानेवारी २०२५ रोजीं कर्ज दिलें व दरमहा हप्ता ठरला. वहीऐवजीं तक्ता मांडणारी मुलगी पहिल्या हप्त्यासाठीं कर्जाच्या तारखेंत एक महिना मिळवील: २८ फेब्रुवारी. मग त्या उत्तरांत पुन्हां एक मिळवील: २८ मार्च. पुन्हां एक: २८ एप्रिल. महिनाअखेरचा हप्ता कायमचा अठ्ठाविसावर घसरला! फेब्रुवारीनें कापलेले तीन दिवस पुढें कधींच परत मिळत नाहींत. यास्तव प्रत्येक हप्ता मूळ तारखेवरूनच मोजावा: =ईडेट($ए$२, १), मग २, मग ३, याप्रमाणें. मग उत्तरें २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे अशीं येतात. डॉलरचें चिन्ह लाविल्यानें सूत्र खालीं उतरवून घेतांना मूळ घराचा पत्ता बदलत नाहीं. ज्या बाईस हप्ता भरावयाचा असतो, तिच्या दृष्टीनें तीन दिवसांचा फरक लहान नाहीं. मजुरीचे पैसे महिनाअखेरीस हातीं येत असतील, तर अठ्ठाविसास ती थकबाकीदार ठरेल व एकतिसास ठरणार नाहीं.

दुसरें: मिळविलेलें वजा केलें म्हणजे मूळ तारीख परत येईलच असें समजूं नये. ३१ जानेवारी अधिक एक महिना म्हणजे २८ फेब्रुवारी. २८ फेब्रुवारी वजा एक महिना म्हणजे २८ जानेवारी. संख्यांच्या बेरजेचा पडताळा वजाबाकीनें घेण्याची आपली संवय येथें उपयोगी पडत नाहीं. महिन्यांच्या बेरजेचा पडताळा दिनदर्शिका उघडूनच घ्यावा.

तिसरें: महिनाअखेर हवी असेल तर तसें स्पष्ट सांगावें. ३० एप्रिल अधिक एक महिना ईडेट प्रमाणें ३० मे होतो, ३१ मे नव्हे. कारण सूत्रास तीस हा आंकडा दिसतो, "अखेर" हा आपल्या मनांतील अर्थ दिसत नाहीं. अखेरीसाठीं ईओमंथ हें दुसरें सूत्र आहे. =ईओमंथ(ए२, १) लिहिलें कीं पुढील महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो; शून्य लिहिलें तर चालू महिन्याचा.

या तिहींशिवाय एक सामान्य सूचना. ५/३/२०२५ ही तारीख आपण पांच मार्च वाचतों. अमेरिकन पद्धतीवर लावलेला संगणक तीच तारीख तीन मे समजतो. तसेंच मध्यें टिंबें देऊन लिहिलेली तारीख पुष्कळदां नुसता मजकूर म्हणून राहते व सूत्र चूक दाखवितें. ओळखण्याची खूण सोपी आहे: खरी तारीख संख्येप्रमाणें घराच्या उजव्या कडेस बसते, मजकूर डाव्या कडेस. संशय आला तर महिन्याचें नांव अक्षरांत दिसेल असा प्रकार निवडावा; मग पांच मार्च कीं तीन मे, हें डोळ्यांना दिसतें.

आठवडे आणि महिने

घरांतील तान्ह्या बाळाच्या लसीकरणाचा तक्ता हा या पाठाचा उत्तम नमुना आहे. कांहीं लसी सहा, दहा व चौदा आठवड्यांनीं द्यावयाच्या असतात. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. ३१ मे २०२४ रोजीं जन्मलेलें बाळ घ्या. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, म्हणून =ए२+४२, उत्तर १२ जुलै २०२४. नऊ महिन्यांसाठीं =ईडेट(ए२, ९), उत्तर २८ फेब्रुवारी २०२५. सहा आठवड्यांस "दीड महिना" म्हणण्याची आपली बोलण्याची रीत आहे, पण तक्त्यांत ती आणूं नये. करार आठवड्यांचा असेल तेथें दिवस मोजावे, महिन्यांचा असेल तेथें महिने मोजावे. नवव्या-दहाव्या इयत्तेंतील प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या किंवा शेजारच्या बाळासाठीं असा तक्ता करून द्यावा. आशाताईंकडील कार्डाशीं तो ताडून पाहावा, म्हणजे अभ्यासहि होईल व उपकारहि होईल.

ज्या महिन्यांस हें सूत्र लागूं पडत नाहीं

राजूरकरांस महिने मोजण्याची आणखी एक पद्धति जन्मापासून ठाऊक असते. भोकरदन तालुक्यांतील हें आपलें गांव राजुरेश्वर गणपतीचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे. दर संकष्टी चतुर्थीस येथें यात्रेकरू येतात आणि अंगारकीस तर रस्ते फुलून जातात. दुकानदार, टांग्यांच्या जागीं आलेले रिक्षावाले, फुलें विकणाऱ्या बाया, सर्वांचा हिशेब या चतुर्थीवर चालतो. १२ ऑगस्ट २०२५ रोजीं मंगळवारीं अंगारकी होती. ईडेट या सूत्रानें एक महिना मिळविला तर १२ सप्टेंबर येते. परंतु पुढील संकष्टी १० सप्टेंबरासच होती. कारण तिथींचा महिना चंद्राचा. तो सरासरी एकोणतीस दिवस, बारा तास व चव्वेचाळीस मिनिटांचा असतो. असे बारा महिने सुमारें ३५४ दिवसांत संपतात, म्हणजे सूर्याच्या वर्षाहून जवळ जवळ अकरा दिवस आधीं. ही तूट भरण्यासाठींच अधिकमास येतो: २०२३ सालीं अधिक श्रावण आला, २०२६ सालीं अधिक ज्येष्ठ. तिथींचा हिशेब पंचांगाकडेच विचारावा. ईडेटला विचारूं नये.

आपल्या मराठवाड्यांत तिसरीहि एक पद्धति नांदून गेली आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि त्या काळच्या महसुली कागदांवर फसली सन लिहिला जाई. त्याचें वर्ष ऑक्टोबराच्या आरंभीं सुरू होई व महिन्यांचीं नांवें आजुर, दै, बहमन अशीं फारसी असत. फसली १३५७ हें वर्ष इ. स. १९४७ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें. म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत फसली सनांत ५९० व त्यापुढें ५९१ मिळविले कीं इसवी सन निघतो. आजोबांच्या पेटींत असा एखादा कागद निघाला, तर त्यावरील तारीख प्रथम इंग्रजींत उतरवून घ्यावी व मगच पुढील हिशेब करावा.

स्वतंत्र भारतानें या गोंधळावर एक उपाय योजिला, तोहि सांगण्याजोगा आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक दिनदर्शिका सुरू झाली. तींत चैत्र तीस दिवसांचा, लीप वर्षीं एकतिसांचा. वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचे पांच महिने एकतीस दिवसांचे. आणि उरलेले सहा तीस दिवसांचे. अठ्ठावीस दिवसांचा आखूड महिना तींत नाहींच. ती व्यवहारांत रुळली असती तर आमच्या विद्यार्थिनीचे दोन दिवस मार्चांत सांडले नसते.

अभ्यास

खालील उदाहरणें प्रथम वहींत करावीं, मग संगणकावर पडताळावीं.

१. ३१ ऑगस्ट २०२५ मध्यें तीन महिने मिळवा.
२. ३१ मार्च २०२५ मधून एक महिना वजा करा.
३. ३१ डिसेंबर २०२३ मध्यें दोन महिने मिळवा.
४. २९ फेब्रुवारी २०२४ मध्यें बारा महिने मिळवा. मग त्याच मूळ तारखेंत अठ्ठेचाळीस महिने मिळवा.
५. तिसरें उदाहरण डेट या सूत्रानेंहि करा व दोन उत्तरांत फरक कां पडला तें दोन ओळींत लिहा.

उत्तरें: १. ३० नोव्हेंबर २०२५. २. २८ फेब्रुवारी २०२५. ३. २९ फेब्रुवारी २०२४. ४. २८ फेब्रुवारी २०२५. २९ फेब्रुवारी २०२८. ५. डेटचें उत्तर २ मार्च २०२४. कारण तुम्हींच लिहावें.

असो. पाठ लांबला, आतां आवरतें घेतों. ज्या मुलीच्या सूत्रावरून हा लेख सुचला, ती आतां वस्तीवरील बायकांच्या बचत गटाचा तक्ता सांभाळते. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिनें सूत्र लिहिलेलें नाहीं, एक प्रश्न लिहिला आहे: "महिना म्हणजे कोणता महिना, हें आधीं ठरलें आहे का?" धनादेश असो, हप्ता असो, बाळाची लस असो किंवा आजोबांचा जुना कागद असो, हा प्रश्न जो आधीं विचारील, त्याचें उत्तर सहसा चुकणार नाहीं. संगणक मोजणी जलद करतो. काय मोजावयाचें, हें ठरविण्याचें काम त्यानें आपणांकडेच ठेविलें आहे.